नेवेनाच्या लग्नातली गोळी

ग्रादिन्यात आता लग्नाला बार उडत नाहीत. तो ठराव नगरपालिकेत मी आणला, भांडून मंजूर करून घेतला, आणि त्याची पहिली झळ माझ्याच घराला लागली. लोक हे सांगताना मान हलवतात आणि मला 'बिचारी' म्हणतात. बिचारी म्हटलेलं मला मुळीच खपत नाही, म्हणून मीच सांगते.

मी विदोसावा. बाजारात माझं केस कापायचं दुकान आहे. बाया-पुरुष दोघांचेही केस कापते, त्यामुळे या डोंगरातल्या बहुतेक पुरुषांची डोकी कधी ना कधी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. नवरा ब्लागोता लाकडाच्या वखारीत कामाला. मुलं दोन, बाल्शा आणि त्याच्या मागची नेवेना.

बाल्शा गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आलुबुखार उतरवायचे दिवस होते. तो आमच्याच अंगणात शिडीवर चढून फळं काढत होता आणि खालच्या आळीत कुणाचं तरी लग्न चाललं होतं. नवरी उंबऱ्याबाहेर पडली की आमच्याकडे आभाळात बार उडवतात. आजोबा उडवायचे, पणजोबा उडवायचे, आणि उडवलेली गोळी परत खाली येते याचा विचार कुणी करत नसे. बाल्शा शिडीवरून टोपलीसकट खाली आला. मला वाटलं, पाय घसरला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले, "धड उभं राहता येत नाही का रे, मेल्या!" कुठलीही आई दिवसातून दहादा म्हणते तसंच म्हटलं. गोळी वरून मानेत शिरली होती. माझा आवाज त्याने ऐकला की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

मग चौकशी झाली. हवालदार स्रेतेनने लग्नातल्या एकेका पुरुषाला बसवून विचारलं, बार कुणी उडवले? कुणीच नाही. तू कुठे होतास? संडासात. आणि तू? संडासात. त्या लग्नघरी संडास एकच होता, आणि आख्खं वऱ्हाड त्यात मावलं होतं. आमच्या डोंगरात माणूस चोरी कबूल करील, पण दुसऱ्याचं नाव घेणार नाही. नाव घेणाऱ्याच्या घरी पुढे सात पिढ्या कुणी मुलगी देत नाही. बंदुकीच्या परवान्याचा, बार न उडवण्याचा देशाचा कायदा आहेच, पण साक्षीदारच नाही म्हटल्यावर कायदा काय करणार? वरून आलेल्या गोळीला मालक नसतो, असं मला बऱ्याच जणांनी प्रेमाने समजावलं. त्यातलेच काही दर महिन्याला माझ्यापुढे खुर्चीत मान वाकवून बसत. मी त्यांच्या मानेवरून वस्तरा फिरवायची आणि मनात म्हणायची, तू होतास का? का तू?

असं दोन वर्षं केलं. मग वेड लागेल असं वाटायला लागलं आणि मी निवडणुकीला उभी राहिले. बायकांनी निवडून दिलं.

सभागृहात ठराव मांडला तेव्हा नगराध्यक्ष रादुले माझ्याकडे बघून हसला. रादुले ब्लागोताच्या लहानपणचा दोस्त, मनाने चांगला, पण जिभेला लगाम नाही.

"विदाताई, मग नवरी बाहेर पडली की काय करायचं आम्ही? टाळ्या वाजवायच्या?"

"वाजवा की. टाळी डोक्यात पडून कुणाचं पोर गेल्याचं मी तरी ऐकलं नाही."

मागच्या बाकावरून एक म्हातारा सदस्य खाकरला. "बार नाही, काही नाही, वऱ्हाडाला वाटेल मयतीला आलोय."

"मयतीला यायची तुम्हाला सवय आहे, आजोबा. माझ्या घरी आला होतात. दोनदा वाढून घेतलंत."

त्यावर कुणी हसलं नाही. मी ठराव वाचला. लग्नघरी बार उडाला तर जबाबदारी यजमानाची. कुणी उडवला ते घरच्यांनी तिथल्या तिथे सांगायचं. नाही सांगितलं तर खटला यजमानावर. आणि सांगा, नाही तर सांगू नका, बार उडाला की वाजंत्री बंद, ताटं उचलायची, पाहुण्यांनी आपापल्या घरी जायचं. हे शेवटचं कलम मी मुद्दाम घातलं होतं. दंडाला आमच्याकडे कुणी भीत नाही. पण वऱ्हाड उपाशी परत पाठवावं लागणं म्हणजे घराण्याचं नाक कापलं जाणं, आणि नाकाला सगळेच जपतात. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. ते एक मत रादुलेचं होतं.

ब्लागोताने त्याच आठवड्यात शिकारीची बंदूक चौकीत नेऊन दिली. घरात आणखी एक पिस्तूल होतं. बाल्शाला अठरावं लागलं तेव्हा बापानेच त्याला दिलेलं. आमच्याकडे मुलाला देतातच. मी विचारलं, "तेही दिलंस ना?" तो म्हणाला, "दिलं." लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

ठरावानंतरचं गावातलं पहिलं लग्न नेवेनाचं निघालं. मुलगा नदीपलीकडचा, ओग्न्येन. शांत, मेंढीच्या दुधाचं चीज करणाऱ्या घरातला. लग्नाच्या आदल्या दुपारी मी नेवेनाचे केस बांधून बघत होते. आरशातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, "आई, एक मागू?"

"माग ना."

"उद्या ठरावाचं नाव काढायचं नाही. बाल्शाचंही नाही. तीन वर्षं या घरात दुसरं काही बोललं गेलेलं नाही. माझा वाढदिवस त्याच्या फोटोसमोर, माझी परीक्षा पास झाल्याचं गोडधोड त्याच्या फोटोसमोर. उद्याचा एक दिवस फक्त माझा."

बोलताना तिचा आवाज कापला नाही. पुष्कळ दिवस घोकून ठेवलेलं बोलावं तसं बोलली. खरंच होतं ते. जिवंत लेकराकडे मी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

"शब्द दिला," मी म्हटलं, आणि तिच्या डोक्यावर ओठ टेकवले.

दुसऱ्या दिवशी ऊन कसं छान पडलं होतं. पहाटेपासून दोन कोकरं भट्टीत भाजत होती. अंगणात टेबलं मांडली होती, अकॉर्डियनवाला येऊन सूर लावत बसला होता. आमच्याकडे मुलीवाले झाडाच्या शेंड्याला एक सफरचंद बांधतात. वऱ्हाडाने ते गोळी मारून पाडायचं, तेव्हाच आत पाऊल ठेवायचं. आता गोळी बंद. मग ठरलं की दगडाने पाडायचं. ओग्न्येनचा काका, मिशीवाला धिप्पाड माणूस, बाही सरसावून पुढे आला. पहिला दगड कौलावर गेला. दुसरा अकॉर्डियनवाल्याच्या पायाशी पडला.

"काका, सफरचंद वर आहे, वर!" आमच्याकडच्या पोरी किंचाळत होत्या.

"भाऊजी, चष्मा आणू का?" माझी जाऊ म्हणाली.

"सूर्य डोळ्यांत येतोय!"

"सूर्य तुमच्या पाठीमागे आहे हो!"

सगळं अंगण हसत होतं. वर खिडकीत नेवेना ओढणी सावरत हसत होती. शेवटी ओग्न्येननेच दगड घेतला आणि सफरचंद पाडलं. मीही हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसले आणि मला वाटलं, झालं, जमलं, बंदुकीवाचून होतं की लग्न! रादुले राकिया दारूचा पेला उंचावून लांबून म्हणाला, "जिंकलीस गं बाई!" फाटकाशी उभा असलेला स्रेतेनही हसला. तो वर्दीत होता, पण आमंत्रणाने आला होता.

मग नवरीने बाहेर पडायची वेळ झाली. नवरीला हात धरून भाऊ बाहेर आणतो. तिने उंबरा ओलांडला की पहिला बार भावाचा, मग बाकीच्यांचे. भाऊ नसेल तर चुलतभाऊ आणतो. माझ्या दिराचा मुलगा तयार होऊन उभा होता, पण ऐन वेळी ब्लागोताने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं. "मी आणतो," म्हणाला. बापाने मुलीला आणायची रीत नाही, पण कोण आडवं येणार? दोघं दारात आले. नेवेना पांढऱ्या कपड्यात, तो नव्या काळ्या कोटात. तिने उंबरा ओलांडला. ब्लागोताने तिचा हात सोडला, कोटाच्या आत हात घातला, बाल्शाचं पिस्तूल बाहेर काढलं आणि आभाळात एक बार उडवला.

आवाज समोरच्या डोंगरावर आदळून परत आला. सगळे जण वर बघायला लागले. बायकांनी पोरांना पोटाशी घेतलं. ओग्न्येनने धावत जाऊन नेवेनाला दाराच्या चौकटीखाली ओढलं. गोळी कुठे पडली माहीत नाही. कुणाला लागली नाही, देवाची दया.

ब्लागोता तिथेच उभा होता. पिस्तूल खाली लोंबत होतं. तो कुणाशी तरी बोलल्यासारखा हळूच म्हणाला, "त्याचा होता हा. त्याच्या वाटणीचा राहिला होता."

मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला राग आलाच नाही. माझं काळीजच तुटलं. मला त्याच्याजवळ जाऊन त्याचं डोकं छातीशी धरायचं होतं.

आणि तेवढ्यात अंगण बोलायला लागलं.

"टायर फुटला वाटतं कुणाचा," माझा दीर मोठ्याने म्हणाला.

"हो, हो, खाली रस्त्यावर. ट्रकचा असणार," ओग्न्येनचा काका म्हणाला. त्याने ब्लागोताच्या हातातलं पिस्तूल अलगद काढून घेतलं आणि टेबलक्लॉथखाली सारलं. अकॉर्डियनवाल्याने लगेच सूर धरला. कुणीतरी ब्लागोताच्या हातात पेला दिला. कुणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. किती प्रेमाने करत होते सगळे! एकमेकांकडे बघण्याचीही गरज पडली नाही, इतकी सवयीची गोष्ट.

रादुले माझ्या कानाशी आला. त्याचे डोळे भरले होते. "विदा, टायर फुटला. ऐकलंस? पोराच्या वाटणीचा बार होता तो. कुणाचं वाईट झालं नाही. सोड."

स्रेतेन फाटकापासून चालत आला. टोपी हातात घेतली. "विदाताई, मला विचारावं लागतं म्हणून विचारतो. बार उडाला का इथे? तू नाही म्हण. तू नाही म्हणालीस की मी जाऊन कोकरू खातो, आणि आयुष्यात पुन्हा हा विषय काढणार नाही."

मी अंगणभर नजर फिरवली. सगळी ओळखीची तोंडं, सगळी माझ्या हाताखालून गेलेली डोकी. सगळे माझ्याकडे बघत होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांत माझ्यासाठी माया होती. तेव्हा मला कळलं की बाल्शा गेला त्या दिवशीही खालच्या आळीत असंच झालं असणार. कुणी दुष्ट नव्हतं. तिथेही एखादा बाप थरथरत उभा असेल, एखादी बायको तोंडात रुमाल कोंबून रडत असेल, आणि एखाद्या रादुलेने डोळे पुसत म्हटलं असेल, जाऊ दे, पोर काही परत येणार नाही, याचं घर कशाला बुडवायचं? मी तीन वर्षं एका राक्षसाला शोधत होते. राक्षस नव्हताच. ही माया होती. हिनेच माझ्या लेकराला मालक नसलेली गोळी दिली होती, आणि मी आत्ता नाही म्हटलं तर पुढच्या लेकरालाही देणार होती.

दारात नेवेना उभी होती. तिने नुसती मान हलवली. नको, आई.

"बार उडाला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "माझ्या नवऱ्याने उडवला. ब्लागोताने. पिस्तूल तिथे टेबलक्लॉथखाली आहे."

अकॉर्डियन थांबलं. या गावात, या प्रश्नाला, नाव घेऊन दिलेलं ते पहिलं उत्तर होतं, आणि ऐकताना लोकांनी माना खाली घातल्या. स्रेतेन हलेचना. शेवटी ब्लागोतानेच जाऊन पिस्तूल आणलं आणि त्याच्या हातात दिलं. "लिही," म्हणाला. "खरं आहे."

मग मी टेबलांमधून फिरले आणि पाहुण्यांना हात जोडून सांगितलं की आता घरी जा. कोकरं कापलेलीही नव्हती. विहीणबाई, ओग्न्येनची आई, माझ्यासमोर उभी राहिली. "घर मोडायला लोकांना दुश्मन लागतात, तुम्हाला ते लागत नाहीत," म्हणाली. काका टेबलापाशी पाठ करून उभा होता. माणसं एकेक करून निघाली. गाड्या सुरू झाल्या. आमच्याकडे नवरीच्या गाडीमागे भोंगे वाजवत जातात. त्या दिवशी एकही भोंगा वाजला नाही.

नेवेना गाडीत बसण्याआधी मी तिची ओढणी सारखी करायला हात पुढे केला. तिने तो धरला आणि खाली केला. घट्ट नाही, सावकाश.

"तू बरोबर केलंस, आई," ती म्हणाली. "मला माहीत आहे तू बरोबर केलंस. पण एक दिवस मागितला होता मी. तोही तू त्यालाच दिलास."

गाडी नदीच्या वळणापर्यंत दिसत राहिली.

संध्याकाळी ब्लागोता भट्टीजवळ बसून होता. मी शेजारी जाऊन बसले. तो म्हणाला, "माझा तुझ्यावर राग नाही. पण काही दिवस माझ्याशी बोलू नकोस." त्याच्यावर खटला झाला, दंड झाला, तो त्याने मुकाट भरला. काही दिवसांनी तो बोलायलाही लागला. कोकराचं मांस मी अनाथाश्रमाला पाठवून दिलं.

त्यानंतर ग्रादिन्यात पुष्कळ लग्नं झाली. एकाही लग्नात बार उडाला नाही. यजमान दारातच सांगतात, "बाबांनो, विदाने सख्ख्या नवऱ्याला सोडलं नाही, आम्हाला काय सोडणार!" हसतात, आणि पिस्तुलं गाडीत ठेवून येतात. शेजारच्या दोन नगरपालिकांनी आमचा ठराव मागवून घेतला. आलुबुखाराच्या दिवसांत पोरं शिडीवर चढतात तेव्हा मी खिडकीत उभी राहते, आणि आता माझी नजर आभाळाकडे जात नाही. कुणी काही म्हणो, मी जे केलं ते उद्या पुन्हा करीन.

नेवेना सणाला येते. पाहुण्यासारखी समोरच्या खोलीत बसते, कॉफी पिते, बापाशी बोलते. मला विचारते, "गुडघे कसे आहेत?" मी सांगते बरे आहेत. या नाताळात तिचं पोट दिसत होतं. मी विचारलं, कितवा? ती म्हणाली, वेळ आहे अजून. तेवढंच.

त्यांचं घर नदीपलीकडे, आमच्या अंगणातून छप्पर दिसतं. आमच्या डोंगरात मुलगा झाला की आजोबा अंगणात येऊन बार उडवतो. फोन करायची गरज कुणाला पडत नसे. आवाज नदी ओलांडून यायचा आणि लोक हातातलं काम टाकून बाहेर यायचे, कुणाकडे झाला, कुणाकडे झाला म्हणून. पण ठरावात तेही आलंच. मीच घातलं होतं, सगळ्या आनंदाच्या प्रसंगी, असं.

गेल्या मंगळवारी नदीपलीकडची यागोदा केस रंगवायला आली. मी तिच्या मानेवर टॉवेल गुंडाळत होते. ती आरशात बघून म्हणाली, "काय मग आजीबाई! नातू अगदी आजोबांवर गेलाय म्हणे. शनिवारी सकाळी झाला ना? ओग्न्येनचे वडील नुसते अंगणात येऊन उभे राहिले हो. हात रिकामे. रडत होते. एक बार नाही, काही नाही. पाळतात बरं का तुझा ठराव."

शनिवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ते छप्पर माझ्या समोर होतं.

"कळवलं असेल ना तुला लगेच?" यागोदाने विचारलं.

"म्हणजे काय," मी म्हटलं. "लगेच कळवलं." आणि ब्रश रंगात बुडवला.